पळायला लागलाय? आधी खालची पट्टी बघा

पळायचं ठरलं की पहिला खर्च बुटांवर होतो. ते बरोबरच आहे. पण बूट घेताना दहा जणींना विचारणारी बाई ब्रा घेताना बेळगावच्या खडेबाजारात शिरते, एक नंबर सांगते, पुडकं पिशवीत घालते आणि दोन मिनिटांत बाहेर पडते. तो नंबर बहुतेक वेळा चुकलेला असतो, कारण तो ब्लाउजवरून आलेला असतो.

ब्लाउजसाठी शिंपी छातीचं माप सगळ्यात भरलेल्या भागावरून घेतो. समजा ते 38 इंच आलं. आपण 38 हा आकडा लक्षात ठेवतो आणि ब्रा घेतानाही तोच सांगतो. पण ब्रावरचा आकडा छातीचा नसतोच. तो स्तनांच्या खाली, बरगड्यांवरून जाणाऱ्या पट्टीचा असतो, आणि अक्षर कपचं असतं. आता याच बाईचं खालचं माप घेतलं आणि ते 77 सेंटिमीटर भरलं, तर तिला 34 ची पट्टी लागते. 38 ची पट्टी 83 ते 87 सेंटिमीटरच्या अंगासाठी बेतलेली असते. म्हणजे पट्टी निदान सहा सेंटिमीटर सैल. साडीत, ड्रेसमध्ये हे खपून जातं, पळताना खपत नाही.

स्तनात स्नायू नसतो. त्याला धरून ठेवतात ती वरची त्वचा आणि आतले कूपर लिगामेंट नावाचे पातळ तंतू. पळताना मिनिटाला साधारण 165 पावलं पडतात असं धरलं, तर अर्ध्या तासात जवळपास पाच हजार हिसके बसतात. तेही नुसते वर-खाली नाहीत. स्तन डावीकडे-उजवीकडे आणि पुढे-मागेही हलतात, त्यामुळे त्यांची वाट इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी फिरते. हे थोपवण्याचं मुख्य काम खालची पट्टी करते, खांद्याचे स्ट्रॅप फक्त मदतीला असतात. चुंबळ सैल असली की डोक्यावरची घागर हाताने कितीही धरा, डुलतेच. पट्टी सैल असताना स्ट्रॅप ओढून घट्ट करणं हा तसलाच प्रकार. खांद्यावर वळ उठतात, मान अवघडते, पट्टी पाठीवर वर चढते आणि हलायचं ते हलतंच.

तेव्हा आधी घरी माप घ्या. शिवणकामाची मऊ टेप, आरसा, कागद-पेन्सिल, एवढं पुरे. अंगात पॅड नसलेली साधी ब्रा ठेवा. पहिलं माप स्तनांच्या लगेच खाली. टेप पाठीवर खाली घसरलेली नाही ना, हे आरशात बघा, श्वास सोडा, टेप अंगाला लागेल इतकी घट्ट धरा आणि आकडा लिहा. दुसरं माप सगळ्यात भरलेल्या भागावरून. इथे टेप नुसती टेकवायची, दाबायची नाही. स्तन मोठे किंवा खाली उतरलेले असतील तर कमरेतून थोडं पुढे वाकून घेतलेलं माप जास्त खरं येतं. दोन्ही मापं सेंटिमीटरमध्ये घ्या, इंचात अर्धा-पाव करताना घोळ होतो.

पहिलं माप 68 ते 72 आलं तर पट्टी 32, 73 ते 77 असेल तर 34, 78 ते 82 ला 36, 83 ते 87 ला 38. युरोपातल्या मालावर हेच आकडे 70, 75, 80, 85 असे छापलेले असतात. मग दुसऱ्या मापातून पहिलं वजा करा. फरक 12 ते 14 असेल तर ए कप, 14 ते 16 बी, 16 ते 18 सी, 18 ते 20 डी, त्यापुढे ई. वरच्या उदाहरणात छाती 38 इंच म्हणजे साधारण 96 आणि खालचं माप 77. फरक 19, म्हणून नंबर 34 डी. दुकानात मागितला जात होता 38, आणि हातात पडत होती बहुधा 38 बी. पट्टी नको इतकी मोठी आणि अक्षर नको इतकं लहान, अशी ही जोडचूक आपल्याकडे घरोघरी आहे. डी म्हटलं की काहीतरी अवाढव्य असणार असा समज आहे, तो सोडून द्या. कपचं अक्षर पट्टीच्या जोडीनेच वाचायचं असतं. 36 बी, 34 सी आणि 32 डी या तिन्हींच्या कपात जवळजवळ सारखीच जागा असते.

हा हिशेब म्हणजे सुरुवात. ज्या कंपनीचा माल घेताय तिचा चार्ट शेवटी बघायचाच, कारण प्रत्येकीचं थोडं इकडेतिकडे असतं. पाळीच्या आधीच्या दिवसांत स्तन भरलेले आणि हुळहुळे असतात, त्या दिवसांत माप घेऊ नका. वजन चार-पाच किलोने बदललं, बाळंतपण झालं, अंगावरचं पाजणं सुटलं, की माप नव्याने घ्यायचं.

आता प्रकार. आपल्या बाजारात ‘स्पोर्ट्स ब्रा’ म्हणून जे सर्रास मिळतं ते डोक्यावरून घालायचं, कॉटनचं, बिनहुकाचं बनियनसारखं कापड असतं. नंबर एस, एम, एल. ते घरात वावरायला, चालायला, योगासनांना छान. पळायला फक्त ए-बी कपच्या बायकांना, आणि तेही घट्ट असेल तरच. हा दाबून धरणारा प्रकार. दोन्ही स्तन मिळून एकच गठ्ठा होतो आणि छातीला आवळून बसतो. सी कपपासून पुढे नुसतं दाबून भागत नाही. तिथे प्रत्येक स्तनाला वेगळा, शिवून आकार दिलेला कप लागतो. सगळ्यात भरवशाचा प्रकार म्हणजे आत वेगवेगळे कप आणि वरून दाबणारं कापड अशी जोड. डी आणि त्यापुढच्या बाईने पळायला दुसरं काही बघूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हातात घेतल्यावर ब्रा उलटी करून आतून बघा. खालची पट्टी निदान दीड-दोन इंच रुंद हवी, आणि ताणून सोडली की लगेच जाग्यावर आली पाहिजे. मागे हूक हवेत, दोन-तीन ओळींचे. बिनहुकाची ब्रा खरोखर घट्ट असेल तर घामेजल्या अंगातून काढताना खांदा धरतो, आणि सहज निघत असेल तर ती मुळात सैल असते. स्ट्रॅप रुंद, कमी-जास्त करता येणारे आणि ताणले तर थोडेच ताणणारे हवेत. रबरासारखे लांबणारे स्ट्रॅप म्हणजे हिसके चालूच. पाठीवर स्ट्रॅप जवळ येणारी ब्रा उतरत्या खांद्यांना बरी, कारण ते घसरत नाहीत. पण मान-खांदा दुखत असेल तर सरळ स्ट्रॅपची घ्या. कापड नायलॉन किंवा पॉलिएस्टरमध्ये स्पॅन्डेक्स (ताणणारा धागा) मिसळलेलं असावं. कॉटन अंगाला बरं लागतं हे खरं, पण पळताना ते घाम पितं, जड होतं आणि ओलं होऊन घासतं. आतले सुटे पॅड घाम धरतात आणि धुताना गोळा होतात. ते आधार अजिबात देत नाहीत, ते दिसण्यासाठी असतात. नको असतील तर खुशाल काढा.

पाकिटावर ‘हाय इम्पॅक्ट’, म्हणजे जोराच्या हालचालीसाठी, असं लिहिलेलं असतं. त्याला सगळ्या कंपन्यांनी पाळायचं असं एक मोजमाप नाही, ज्याची त्याची छपाई. त्यामुळे पाकिटापेक्षा पट्टी-हुकांवर विश्वास ठेवा. एरवी या वस्तूचा इतिहासही फार जुना नाही. 1977 साली अमेरिकेतल्या व्हर्मांटमध्ये तीन बायकांनी पुरुष खेळाडूंचे दोन सपोर्टर एकत्र शिवून पहिली ‘जॉगब्रा’ बनवली, तोवर पळणाऱ्या बायकांसाठी वेगळं असं काही नव्हतं.

दुकानातली अडचण वेगळी असते. खडेबाजार, गणपत गल्लीपासून निपाणी, खानापुरापर्यंत बऱ्याच ठिकाणी अंतर्वस्त्रांसाठी ट्रायल रूम नसते, काउंटरला पुरुष असतो, आणि ‘अक्का, हे सगळ्यांना बसतंय’ म्हणून फ्री साइझ पुढे केली जाते. घाई करू नका. कागदावरचा नंबर सांगा आणि पैसे देण्याआधी विचारा, लेबल न काढता दुसऱ्या दिवशी नंबर बदलून मिळेल का. बऱ्याच दुकानांत ओळखीवर बदलून देतात. काही ठिकाणी आतल्या कपड्यांना ठाम नकार असतो, मग तिथून पळण्याची ब्रा घेऊ नये. डी-ई कप आणि लहान पट्टी हा मेळ इथल्या दुकानांत क्वचित सापडतो. तेव्हा ऑनलाइन एकाच मॉडेलचे दोन शेजारचे नंबर मागवा, म्हणजे 34 डी आणि 36 सी, आणि एक परत करा. परतीचे नियम मात्र ऑर्डर करण्याआधी वाचा.

घरी आल्यावर लेबल तसंच ठेवून तपासायचं. हूक सगळ्यात बाहेरच्या, सैल ओळीत लावा, कारण इलॅस्टिक पुढे सैल होणारच आहे आणि आतल्या ओळी त्या दिवसांसाठी राखायच्या असतात. पुढे वाकून स्तन हाताने कपात नीट बसवा. पट्टी पुढून-मागून एका रेषेत, जमिनीला समांतर हवी. पट्टीखाली दोन बोटं जेमतेम गेली पाहिजेत. मूठ जात असेल तर सैल. स्ट्रॅपखालीही दोन बोटं. वेगळ्या कपची ब्रा असेल तर दोन कपांमधला भाग छातीच्या हाडाला टेकायला हवा. तरंगत असेल तर कप लहान आहे. मग छाती भरून श्वास घ्या. घेता येत नसेल तर पट्टी आवळतेय, नंबर वाढवा, पण कपचं अक्षर एकाने उतरवून.

एवढं झालं की उड्या मारा. खरंच. दोन्ही हात वर करून दहा उड्या, मग जागच्या जागी अर्धा मिनिट गुडघे उचलून पळणं. आरशात बघा. थोडं हलणं राहणारच, पण अंग आणि ब्रा एकदमच वर-खाली झाली पाहिजे. अंग खाली आल्यावर स्तन मागाहून येत असतील तर आधार कमी आहे. हात वर केल्यावर पट्टी स्तनांवर चढली तर पट्टी मोठी. वरून किंवा काखेकडून मांस उसळत असेल तर कप लहान. कपवर सुरकुत्या पडत असतील तर कप मोठा, किंवा स्ट्रॅप सैल. आधी स्ट्रॅप ओढून बघा.

एकीवर एक दोन ब्रा घालण्याचा जुगाड बऱ्याच जणी करतात. आत कपची नेहमीची आणि वर दाबणारी, असं केलं तर थोडे दिवस निभावतं. दोन सैल ब्रा मिळून एक घट्ट होत नाही, घाम तेवढा दुप्पट होतो. अंगावर पाजणाऱ्या आईने बाळाला पाजून मगच पळायला निघावं, आणि फार आवळणारी ब्रा तासन्‌तास घालू नये. दूध साकळून गाठ धरते.

कातडी सोलवटण्याच्या जागा ठरलेल्या: पट्टीच्या खालची कड, काखेची शिवण, हूक आणि स्ट्रॅपचा बक्कल. लांब पळायच्या दिवशी तिथे पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. पळून आल्यावर लेले ग्राउंडवर गप्पा मारत ओल्या ब्रात अर्धा तास बसणं हे स्तनांखालच्या खाजेचं एक मोठं कारण. तिथे ओल कोंडते आणि बुरशी धरते. लाल चट्टा आला तर मेडिकलमधून मागाल ते मलम आणून लावू नका, त्यांपैकी कितीतरी मलमांत स्टिरॉइड मिसळलेलं असतं. चट्टा आधी फिका पडतो, मग दुपटीने पसरतो. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

राहिलं धुणं, आणि बेळगावच्या पावसात तेच जड जातं. पळण्याची ब्रा प्रत्येक वेळी धुवायची, घाम इलॅस्टिक खातो. गार पाणी, थोडी सौम्य पावडर, हूक लावलेले. गरम पाणी, ब्लीच आणि कंफर्टसारखं सुगंधी पाणी नको, ते कापडावर थर धरतं आणि मग घाम शोषला जात नाही. पिळू नका. जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, अर्धं पाणी तिथेच निघतं. स्ट्रॅपने टांगली तर ओल्या वजनाने स्ट्रॅप लांबतात, म्हणून मधोमध दोरीवर टाका, सावलीत, पंख्याखाली. जून ते सप्टेंबर खानापूर-बेळगावकडे दोन-दोन दिवस काही वाळत नाही, तेव्हा आठवड्याला तीनदा पळणारीकडे निदान दोन, शक्यतो तीन ब्रा हव्यात. निपाणी-चिकोडीकडे दोनांत भागतं. दमट ब्रा तशीच चढवून निघणं सगळ्यात वाईट, कातडी पहिल्या किलोमीटरलाच सोलते.

नियमित पळणारीची ब्रा सहा महिने ते वर्षभर टिकते. हूक सगळ्यात आतल्या ओळीत लावूनही पट्टी पाठीवर चढत असेल, किंवा पूर्वी न घासणारी जागा घासू लागली असेल, तर तिचं पळणं संपलं. ती चालायला ठेवा आणि पुन्हा टेप काढा, कारण तोवर तुमचंही माप बदललेलं असण्याची बरीच शक्यता असते.