नव्वद नॉट, अठराशे फूट: स्वतःच्या विमानाने ऑशकॉशला जाताना

विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश येथे दर जुलैच्या शेवटी भरणाऱ्या एअरव्हेंचर या विमानांच्या मेळाव्याला आम्ही आजवर दोनदा मोटारीने गेलो होतो. गेल्या जुलैत मात्र आमच्या १९७४ सालच्या सेसना १७२ या चार आसनी छोट्या विमानाने गेलो. या विमानाचे आम्ही चौघे मालक आहोत आणि त्यांपैकी दोघांनी हा प्रवास केला. वृत्तांत थोडा विस्ताराने लिहीत आहे, कारण निघण्यापूर्वी आम्हाला जे कोणी सांगायला हवे होते, त्यातले बरेचसे आम्हाला वाटेत कळले.

एक्सपरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ही संस्था पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये स्थापन केली. तिचा हा वार्षिक मेळावा १९७० पासून ऑशकॉशच्या विटमन विमानतळावर भरतो. त्या आठवड्यात परिसरातल्या विमानतळांवर मिळून दहा हजारांच्या आसपास विमाने उतरतात. इतक्या विमानांशी नेहमीच्या पद्धतीने रेडिओवर संवाद साधणे शक्यच नसते, म्हणून अमेरिकेचे विमानवाहतूक प्रशासन दरवर्षी या मेळाव्यापुरती वेगळी कार्यपद्धती ठरवून तिची पुस्तिका प्रसिद्ध करते. ही पुस्तिका नुसती वाचून भागत नाही. आम्ही ती छापून घेतली, आलटून पालटून एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवली आणि नकाशावर बोट फिरवत संपूर्ण मार्ग तीनदा ‘उडालो’. मागच्या वर्षीची प्रत कोणी देऊ केली तर घेऊ नये, कारण तपशील दरवर्षी थोडेफार बदलतात.

तयारीत सर्वांत जास्त वेळ वजनाच्या हिशेबात गेला. आमच्या विमानाचे कमाल अनुज्ञेय वजन २,३०० पौंड आहे आणि टाक्यांत ४२ गॅलन इंधन मावते, त्यापैकी ३८ गॅलन प्रत्यक्ष वापरता येते. गॅलनला सहा पौंड धरले तर वापरण्याजोगे इंधनच २२८ पौंडांचे होते. मागच्या सामानकप्प्याची मर्यादा १२० पौंडांची, आणि तंबू, अंथरुणे, पाण्याचे कॅन, विमान बांधण्याचे सामान असे सगळे मागे कोंबण्याचा मोह होतोच. आम्ही जड वस्तू मागच्या आसनावर ठेवून पट्ट्यांनी आवळल्या, प्रत्येक पिशवी काट्यावर तोलली आणि गुरुत्वमध्य कागदावर मांडून पाहिला. निघण्याच्या दहा दिवस आधी तेल बदलले, म्हणजे काही गळत असेल तर ते घराजवळच्या उड्डाणांत लक्षात यावे. सामायिक मालकीचे विमान असेल तर विमा पत्रात उडवणाऱ्या दोघांचीही नावे आहेत ना, हे याच वेळी पाहून घ्यावे. आमच्याकडे एक नाव राहून गेले होते, ते वेळेत घालून घेतले.

आणखी एक तयारी लहानशी, पण पुढे फार उपयोगी पडलेली. ऑशकॉशच्या मार्गावर वेग ९० नॉट ठेवायचा असतो आणि आमच्या जुन्या सेसनाचा वेगमापक मैलांत आहे. ९० नॉट म्हणजे ताशी सुमारे १०४ मैल. हा हिशेब हवेत करत बसू नये म्हणून काचेवर १०४ च्या समोर पिवळ्या टेपची नखाएवढी पट्टी चिकटवली. त्या विमानात १०० मैलांपेक्षा अधिक वेगाला फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, उघडायचे नसतात, त्यामुळे फ्लॅप न लावताच हा वेग साधावा लागतो. घराजवळ दोन संध्याकाळी त्याचाच सराव केला. आमच्या इंजिनाला मिनिटाला २,२०० फेऱ्यांच्या आसपास हा वेग स्थिर राहतो. प्रत्येकाने आपल्या विमानाचा हा आकडा घरीच शोधून ठेवावा.

शनिवारी सकाळी आयोवातून निघालो आणि डब्यूकला उतरून टाक्या पूर्ण भरल्या. शेवटचा इंधनथांबा ऑशकॉशपासून सुमारे तासाभराच्या अंतरावर असावा, हा आमचा पहिला आग्रहाचा सल्ला. दिवसाच्या उड्डाणात पोहोचल्यानंतर अर्ध्या तासाचे इंधन शिल्लक असावे, असा नियम आहे. या मार्गासाठी ते फारच अपुरे आहे. आम्ही किमान दोन तासांचे जादा इंधन धरले होते आणि त्याच दिवशी त्याचा उपयोग झाला. डब्यूकहून ईशान्येकडे जाताना विस्कॉन्सिन नदी ओलांडली. बाराबूच्या टेकड्यांमध्ये डेव्हिल्स लेक खाली हिरव्या वाटीत ठेवल्यासारखा दिसला. तो ओलांडल्यावर मात्र आम्ही एकमेकांशी अनावश्यक बोलणे पूर्ण थांबवले.

मार्गाची मांडणी अशी आहे. नैर्ऋत्येकडून येणारी विमाने ठरावीक खुणांवरून, उदाहरणार्थ एंडेव्हरचा पूल, पकअवे लेक किंवा ग्रीन लेक येथून, एकामागे एक रांगेत लागतात. कोणत्या खुणेवरून रांगेत शिरायचे हे रेडिओवरच्या ध्वनिमुद्रित सूचनेत सांगितलेले असते. रिपन गावापासून रेल्वेमार्ग धरून फिस्क या वस्तीपर्यंत सुमारे दहा नॉटिकल मैल जायचे. समुद्रसपाटीपासून उंची १,८०० फूट, वेग ९० नॉट, पुढच्या विमानापासून अंतर अर्धा मैल. वेगवान विमानांसाठी २,३०० फुटांवर १३५ नॉटांची दुसरी रांग असते. रेडिओ फक्त ऐकायचा, बोलायचे नाही.

शनिवारी दुपारी आम्ही रांगेत लागलो तेव्हा आमच्या पुढे एक छोटे पिवळे विमान होते आणि ते ९० नॉटांपेक्षा बरेच हळू चालले होते. अंतर अर्ध्या मैलाचे पाव मैल झाले, पाव मैलाचे त्याहून कमी. माझे ज्येष्ठ भागीदार बाहेर पाहत होते. ते शांतपणे म्हणाले, “हे आपल्याला जमणार नाही. उजवीकडे मोकळे आहे, बाहेर पडा.” पुस्तिका याबाबत स्पष्ट आहे: नागमोडी वळणे घेऊन वेळ काढायचा नाही, पुढच्याला ओलांडायचे नाही, अंतर राखता येत नसेल तर रांग सोडून पुन्हा सुरुवातीला जायचे. आम्ही बाहेर पडलो. मागे वळून सुरुवातीच्या खुणेपाशी पोहोचतो तोच नियंत्रकांनी ग्रीन लेक आणि रश लेकभोवती घिरट्या घालण्यास सांगितले. ग्रीन लेकच्या काठाने डावी वळणे घेत आम्ही दोन फेऱ्या मारल्या. मी तेव्हा बारा विमाने मोजली, आणि जी मोजता आली नाहीत त्यांची चिंता अधिक वाटत होती.

तिसरी फेरी सुरू करण्याआधी आम्ही निघून जाण्याचा निर्णय घेतला. इंधन मुबलक होते, प्रश्न इंधनाचा नव्हताच. मान सतत वळवून डोळे थकले होते आणि माझी उंची एकदा शंभर फुटांनी घसरली होती. पोर्टेजच्या विमानतळावर जाऊन उतरलो. तिथे आमच्यासारखीच परतलेली आणखी विमाने उभी होती. नवख्यांना सांगावेसे वाटते की परत फिरण्याचा विमानतळ आधी ठरवून, त्याची धावपट्टी आणि रेडिओची वारंवारता कागदावर लिहून ठेवली असेल तर परतणे हा पराभव वाटत नाही. ते वाटेवरचे एक साधे वळण ठरते. तसे ठरवलेले नसले की माणूस आणखी एक फेरी मारत राहतो.

रविवारी पहाटे उठलो आणि ऑशकॉशचा विमानतळ उघडण्याच्या वेळेच्या हिशेबाने निघालो. वारा पडलेला, हवा गार आणि दमट. कमी शक्तीवर बराच वेळ उडताना अशा हवेत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू शकतो, म्हणून दर काही मिनिटांनी कार्ब्युरेटरची उष्णता पूर्ण उघडून पाहत होतो. या वेळी पुढे एक पांढरे पायपर चेरोकी होते, अगदी स्थिर चालणारे. टेपच्या पट्टीवर काटा ठेवून मी त्याच्या मागे राहिलो. रेल्वेचे रूळ शेतांमधून सरळ जात होते आणि त्यांच्यावर आम्ही सगळे मण्यांसारखे ओवलेले होतो.

फिस्कला एका छोट्या उंचवट्यावर दुर्बिणी घेऊन नियंत्रक उभे असतात. त्यांना आपला नोंदणी क्रमांक नको असतो. ते विमानाला रंग आणि आकारावरून हाक मारतात. “निळे-पांढरे, वर पंख असलेले विमान, पंख हलवा,” असे शब्द आले. मी सुकाणू, म्हणजे हातातले चाक, डावीकडे आणि उजवीकडे ठाशीव दिले. पंख हलवणे म्हणजे लाजत केलेला नमस्कार नव्हे, खालच्या माणसाला ते दिसले पाहिजे. लगेच पोच मिळाली आणि धावपट्टी २७ साठी पुढे जाण्याची सूचना मिळाली. फिस्कला प्रत्येकाला कोणत्या धावपट्टीसाठी कोणता मार्ग धरायचा, रूळ की रस्ता, हे सांगतात आणि ते ऐन वेळी बदलते. म्हणून दोन्ही मार्ग आधीच पाठ हवेत.

तिथून विमानतळ जेमतेम पाच मैलांवर आहे. विटमनच्या धावपट्ट्यांवर रंगीत ठिपके रंगवलेले असतात आणि एकाच धावपट्टीवर एकापाठोपाठ विमाने वेगवेगळ्या ठिपक्यांवर उतरवतात. आम्हाला हिरवा ठिपका मिळाला. पुढचे विमान अजून धावपट्टीवर असताना आपण उतरत आहोत, हे दृश्य इतर ठिकाणी अंगावर काटा आणणारे असते. इथे ते ठरवलेले आहे. ठिपक्याच्या अलीकडे टेकू नये आणि फार पलीकडेही जाऊ नये, कारण मागच्याचा हिशेब आपल्यावर अवलंबून असतो. टेकल्यावर थांबू नये, सांगितले की लगेच गवतात उतरावे. आमच्या काचेवर आतून लावलेल्या कागदावर जीएसी ही तीन इंग्रजी अक्षरे मोठ्या ठळक आकारात होती, म्हणजे ‘विमानाशेजारी तंबू’. झेंडे घेतलेले स्वयंसेवक ती लांबून वाचतात आणि हाताने दिशा दाखवत नेतात. गवतात सुकाणू पूर्ण मागे ओढून हळू चालवावे. पुढचे चाक खड्ड्यात आदळून प्रॉपेलर जमिनीला लागला तर खर्च इंजिन उघडण्यापर्यंत जातो.

विमान बांधण्याविषयी थोडे अधिक लिहितो, कारण इथे आमची चूक झाली. दुकानात मिळणारे स्क्रूसारखे फिरवून रोवायचे खुंटे आम्ही नेले होते. सोमवारी रात्री वादळ आले. विजेच्या उजेडात मला डाव्या पंखाची दोरी सैल पडलेली दिसली. खुंटा ओल्या मातीतून अर्धा वर आला होता आणि पंख प्रत्येक झोतासरशी उचलला जात होता. मी दोरीला लोंबकळलो. शेजारच्या तंबूतून एक पूर्ण अनोळखी गृहस्थ अनवाणी धावत आले. त्यांच्या हातात एक लोखंडी तबकडी होती आणि तिच्या तीन छिद्रांतून तिरपे ठोकायचे तीन लांब खिळे. त्यांनी पावसातच हातोडीने ते ठोकले. तिरपे खिळे वर ओढले जात नाहीत, ओढले की एकमेकांत अधिक अडकतात. असेच खुंटे न्यावेत, पंखांना दोन आणि शेपटीला एक. सेसनाच्या पुस्तकात दोरी किमान ७०० पौंड ताण सोसणारी हवी, असे लिहिले आहे. सुकाणूचे कुलूप लावावे आणि दोरीची गाठ रोज संध्याकाळी पुन्हा पाहावी.

त्याच गृहस्थांमुळे दुसरी एक गोष्ट कळली. त्यांचेही विमान १७२, आमच्यापेक्षा जुने. सकाळी ते आमच्या विमानात डोकावले, वैमानिकाचे आसन मागे-पुढे केले आणि बोटाने आसनाखालच्या रुळाची छिद्रे चाचपली. एक छिद्र लांबट झिजलेले होते. आसनाची खिटी त्यात नीट बसली नाही तर उड्डाण घेताना आसन मागे सरकते आणि वैमानिक सुकाणूला धरून मागे ओढला जातो. सेसनाच्या या रुळांच्या तपासणीचा सरकारी आदेशच आहे, आणि आमच्या वार्षिक तपासणीत हे नजरेतून सुटले होते. तिथे फिरणाऱ्या एका परवानाधारक मेकॅनिकला दाखवून आम्ही आसनाची जागा एका चांगल्या छिद्रावर पक्की केली आणि घरी आल्यावर रूळ बदलून घेतला. हजारो विमाने पाहण्याची हौस खरी. पण आपल्याच जातीचे विमान पन्नास वर्षांपासून सांभाळणाऱ्यांच्या रांगेतून एक संध्याकाळ चालत जावे, असे मी आग्रहाने सांगेन. लोक झाकण उघडून दाखवतात. विचारले तर हात काळे करून मदतही करतात.

परतीसाठी गुरुवार निवडला. दुपारी हवाई प्रात्यक्षिकांच्या वेळी विमानतळ बंद असतो, म्हणून सकाळीच निघालो. निर्गमनासाठीही पुस्तिकेत वेगळे पान आहे: काचेवर कागद, रेडिओवर केवळ ऐकणे, आणि बाहेर पडेपर्यंत सांगितलेल्या उंचीखाली राहणे. गुलाबी शर्ट घातलेल्या नियंत्रकाने हात खाली केला आणि आम्ही निघालो.

घरी नोंदवहीत उड्डाणाचे तास, भरलेले तेल आणि झिजलेल्या रुळाचा शेरा लिहिला. पुढच्या जुलैत उरलेले दोन भागीदार जाणार आहेत. वेगमापकावरची पिवळी पट्टी त्यांनी काढू दिलेली नाही.