टेस्ट पास होते, मग गेम का पडतो?

"ताई, फरमार्क अर्धा तास लावला, कार्ड हललं नाही. आणि गेम उघडला की पाच मिनिटांत डेस्कटॉपवर येतोय. कार्ड गेलं का?"

सांगलीत विश्रामबागला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. वालचंद कॉलेज जवळ असल्यामुळे पोरांचा राबता असतो आणि हा प्रश्न दर आठवड्याला कुणी ना कुणी घेऊन येतंच. ग्राफिक्स कार्डाचा वेग हाताने वाढवलेला (ओव्हरक्लॉक केलेला) असतो, फरमार्क या कार्डावर बोजा टाकून बघणाऱ्या टेस्टमध्ये ते पास झालेलं असतं, आकडे कुठल्यातरी व्हिडिओतून उचललेले असतात, आणि घाबरून नवीन कार्डाची किंमत विचारायला आलेले असतात. तुम्ही विचारलंत म्हणून आज सगळं नीट लिहिते. कार्ड बहुतेक वेळा गेलेलं नसतं.

एप्रिलमध्ये आलेल्या एका मशीनचंच सांगते. मुलगा मार्केट यार्डाच्या बाजूचा, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा. घराला लागूनच हळदीचं गोदाम. कार्ड आरटीएक्स 3060, आफ्टरबर्नर या वेग बदलायच्या प्रोग्रामात कोअरला (कार्डाच्या मुख्य चिपला) +150 आणि मेमरीला +1000 मेगाहर्ट्झ टाकलेलं. फरमार्कमध्ये तापमान 83 अंशांपर्यंत जायचं, पण टेस्ट पूर्ण व्हायची. गेम मात्र पाच मिनिटांत लोडिंग स्क्रीनवरच पडायचा, आणि व्हिडिओ एक्स्पोर्ट करतानाही मध्येच ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, बसायचा.

मी कार्ड उघडलं. हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या, पात्यांमध्ये पिवळा थर दाटून बसला होता. चिमटीनं ओढला तर उशीतल्या जुन्या कापसासारखा सलग निघाला, हाताला हळदीचा वास लागला. ब्लोअर मारला, ब्रशनं पाती साफ केली, वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट पुसून नवीन लावली. परत फरमार्क लावला तर 71 अंश. मुलगा खूश झाला, म्हणाला, "ताई, झालं ना आता?"

गेम लावला. आधी पाच मिनिटांत पडायचा, आता दीड मिनिटात पडला.

इथेच बरेच जण चुकतात. कार्ड तापतं म्हणून पडतं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण आजची कार्डं एका ठरलेल्या वेगानं पळत नाहीत. वॅटची (वीज खाण्याची) मर्यादा, तापमान आणि व्होल्टेज बघून ती आपला वेग क्षणोक्षणी ठरवतात. एनव्हिडियाची कार्डं तापत गेली की वेग साधारण 15 मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी खाली उतरतो, आणि थंड झाली की तशाच पायऱ्यांनी वर चढतो. आपण टाकलेला +150 हा एका आकड्यात मिळवला जात नाही. कुठल्या व्होल्टेजला किती वेग, याचा जो आलेख असतो तो सगळाच्या सगळा वर सरकतो.

आता फरमार्क काय करतो? कार्डावर इतका बोजा टाकतो की 3060 ची 170 वॅटची मर्यादा लगेच गाठली जाते, आणि ती पाळण्यासाठी कार्ड आपणहून वेग कमी करतं. त्या दिवशी लॉग लावून बघितला तेव्हा फरमार्कमध्ये कार्ड 1,700 च्या आसपास चालत होतं. गेमच्या लोडिंग स्क्रीनवर बोजा कमी, वॅट शिल्लक, त्यामुळे तेच कार्ड 2,050 च्या वर गेलं आणि तिथेच कोसळलं. म्हणजे अर्धा तास जी टेस्ट पास होत होती, तिनं तो वरचा वेग एकदाही तपासला नव्हता. आणि मी कार्ड साफ करून थंड केलं, तेव्हा ते आणखी एक-दोन पायऱ्या वर चढायला लागलं, म्हणून लवकर पडलं. साफसफाई करायलाच हवी होती, पण दुखणं ते नव्हतं.

त्यामुळे माझ्याकडे आलात की मी आधी आफ्टरबर्नरमधलं रिसेटचं बटण दाबते. कंपनीच्या सेटिंगवर दोन दिवस वापरा. तरीही पडत असेल तर ओव्हरक्लॉकला दोष देण्यात अर्थ नाही. रॅमचं एक्सएमपी (रॅम जास्त वेगानं चालवायची सेटिंग) बंद करून बघायचं, पॉवर सप्लायची वायर बघायची, ड्रायव्हर पूर्ण काढून नव्याने टाकायचा. कंपनीच्या सेटिंगवर नीट चालत असेल, तरच पुढे जायचं. मग फक्त कोअर वाढवायचा, मेमरी शून्यावर ठेवायची. कोअरचा अंदाज आला की कोअर शून्यावर आणून मेमरी बघायची. दोन्ही एकदम वाढवलं की कोण पडलं ते कधीच कळत नाही.

दोघांची लक्षणंही बहुतेक वेळा वेगळी असतात. कोअरला वेग झेपला नाही की ड्रायव्हर बसतो, स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत 4101 नंबरची नोंद सापडते. मेमरी जास्त ताणली की पडद्यावर ठिपके, चौकटी, चमकणारे त्रिकोण दिसतात. आरटीएक्स 3080 सारख्या जीडीडीआर6एक्स मेमरीच्या कार्डांत तर तेही दिसत नाही. चूक पकडून तोच डेटा परत पाठवला जातो, म्हणून चित्र स्वच्छ राहतं आणि फ्रेम मात्र घटतात. तिथे मेमरी वाढवताना प्रत्येक टप्प्यावर फ्रेम मोजा. वाढायच्या थांबल्या की मागे या.

एक उपाय मात्र मला अजिबात पटत नाही. कार्डानं 2 सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हर रिसेट करतं. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये) जाऊन ही मुदत 8 किंवा 10 सेकंद करा, असं बरेच जण सांगतात. वेग वाढवल्यामुळे पडणाऱ्या कार्डाला यानं काडीचा फायदा होत नाही, नुसता गोठलेला पडदा जास्त वेळ बघत बसावा लागतो. शिवाय त्या मुलासारखं कुणाच्या लग्नाचं काम हातात असेल, तर अर्धवट बिघडलेली फाईल गिऱ्हाइकाकडे जाण्याची भीती वेगळीच. लग्न परत शूट करता येत नाही.

त्याच्या कार्डाला आम्ही शेवटी +150 चा नाद सोडला. मेमरी +400 वर आणली. आलेख उघडून 0.9 व्होल्टला 1,890 मेगाहर्ट्झ ठेवलं आणि तिथून पुढची रेघ सपाट केली, म्हणजे बोजा हलका असला तरी कार्ड वर उडी मारणार नाही. व्होल्टेज कमी झाल्यामुळे वॅट वाचले, आवाजही कमी झाला. तपासायला फरमार्क लावलाच नाही. गेम लावून मेनूत सोडला, मिनिमाइज केला, परत उघडला, पुन्हा मेनूत. संध्याकाळभर हेच केलं. मग त्याच्याच कामातला दोन तासांचा लग्नाचा व्हिडिओ एक्स्पोर्ट केला. सगळे आकडे तारखेसकट त्याच्या वहीत लिहून दिले.

डिसेंबरात सकाळी सात वाजता त्याचा फोन आला. "ताई, पीसी चालू करून गेम लावला आणि पहिल्याच मिनिटाला पडला. परत लावला तर चालतोय." एप्रिलच्या उकाड्यात आम्ही जे बसवलं होतं, ते थंडीतल्या गार कार्डावर एक पायरी वर सरकलं होतं. सपाट केलेली रेघसुद्धा थंडीत सरकते, आणि मी ती फक्त उन्हाळ्यात तपासली होती. त्याला तिथूनच 1,890 चं 1,860 करायला सांगितलं आणि वहीत त्याच ओळीखाली नवी तारीख घालून घेतली.