वाळवंटात चालायचं तर आधी घागरी मोजा

जानेवारीत आमचा चालणाऱ्यांचा गट थरच्या वाळवंटात जाणार आहे. पाच दिवस, चार रात्री, पाठीवर सामान घेऊन. आम्ही नऊजण. सगळ्यात धाकटी माझी भाची, फार्मसी शिकणारी. सगळ्यात थोरले साठी ओलांडलेले आप्पा. आखणीचं काम माझ्याकडं आलं, आणि रात्री मेडिकलचं शटर ओढलं की मी वही घेऊन तेच करत बसते. अशा चालण्याबद्दल वाचायला गेलं की बहुतेक सह्याद्रीतल्या वाटा, पाऊस आणि धबधबेच सापडतात. आम्ही लातूरकर कोरड्या मुलखात चाललोय, तर त्याची तयारी कशी करतोय ते इथं लिहून ठेवते.

पहिल्या बैठकीत सगळे किलोमीटरवर बोलत होते. रोज वीस करायचे का पंचवीस, आणि किती वाजता निघायचं. मी वहीत एवढंच मांडलं: हिवाळा धरला तरी पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून माणशी दिवसाला पाच लिटर. एक लिटर म्हणजे एक किलो. पाच दिवसांचं झालं पंचवीस किलो, आणि हे नुसतं पाणी. पांघरूण, शिधा, कपडे वेगळेच. नऊजणांचं मिळून दिवसाला पंचेचाळीस लिटर. आमच्याकडची घागर पंधरा लिटरची, म्हणजे रोज तीन घागरी, सगळ्या मिळून पंधरा.

पंधरा घागरी म्हटल्यावर बैठकीतला सूरच बदलला. पंचवीस किलो हा आकडा आम्हाला तितका भिडत नाही, घागर भिडते. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा गटातली बहुतेक मंडळी कर्ती होती. आंघोळीचं पाणी झाडाला, भांड्यांचं पाणी मोरीला, आणि पिण्याच्या हंड्यात हात घालायचा नाही, हे आम्हाला शिकवायची गरज नाही. म्हणूनच मला वाटतं, वाळवंटातल्या वाटेची आखणी आमच्या भागातला माणूस चांगली करू शकतो. पाणी कुठं आहे ते आधी बघायचं, मुक्काम तिथं ठरवायचा, आणि दोन मुक्कामांमध्ये जितके किलोमीटर बसतील तितकेच चालायचे. उलट्या बाजूनं गेलं की सगळं बिघडतं.

आम्ही निवडलेली वाट जैसलमेरच्या नैर्ऋत्येची आहे. कुलधऱ्यापासून सुरुवात, पुढं खाभा, आणि शेवट खुहडीच्या वाळूच्या टेकड्यांत. कुलधरा आणि खाभा ही पालीवाल ब्राह्मणांची ओसाड गावं. लोक तिथं भुताखेतांच्या गोष्टी ऐकायला जातात. मला मात्र तिथली खडीनं, म्हणजे पावसाचं पाणी अडवून केलेली शेतं, बघायची आहेत. जैसलमेरला वर्षाला दीडशे-दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आपल्या लातूरच्या पाव हिश्श्याएवढा. तेवढ्या पावसात हे लोक गहू-हरभरा काढायचे. खडकाळ उंचवट्यावरून वाहून आलेलं पाणी खालच्या सखल जमिनीत मातीच्या बांधानं अडवायचं, ते जमिनीत मुरलं की त्या ओलीवर रब्बी पेरायची. आमच्या काळ्या रानात ज्वारी ओलीवर येते, त्यामुळे हे वाचताना आप्पांनी लगेच विचारलं, "बांध किती उंच असतोय?" ते आता मोजूनच यायचं आहे.

थर म्हणजे सगळी वाळू, असं अनेकांना वाटतं. खरं तर बराचसा भाग दगडी माळ, मुरूम आणि खुरटी झुडपं असाच आहे. वाळूच्या टेकड्या लागतात तिथं चाल निम्म्यावर येते. टेकडीची वाऱ्याकडची बाजू उतरती आणि जरा घट्ट असते, मागची बाजू उभी आणि भुसभुशीत. चढायचं ते वाऱ्याच्या बाजूनं किंवा माथ्याच्या कडेनं. रोज बारा ते पंधरा किलोमीटर, त्यापेक्षा जास्त नाही, असं आम्ही ठरवलं. तरुण मंडळींना ते कमी वाटलं. जानेवारीत तिकडं सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो, आपल्यापेक्षा अर्धा तास तरी उशिरा, आणि संध्याकाळी सहानंतर लगेच अंधारतं. वाळूत मुक्काम लावायला, स्वयंपाकाला उजेड हवा. हे सांगितल्यावर ती कुरकुर थांबली.

आता पंधरा घागरी न्यायच्या कशा. त्यासाठी स्थानिक उंटवाल्याशी बोलणं झालंय. उंटावर शे-दीडशे किलो लादतात. त्याच्यावर फक्त पाणी आणि शिधा जाणार, माणूस कुणी बसणार नाही. एका वेळी दोन दिवसांचं पाणी, म्हणजे नव्वद लिटर, आणि दर दोन दिवसांनी डांबरी रस्त्यालगत ठरलेल्या ठिकाणी जीप जैसलमेरहून कॅन आणून देणार. कॅन पाच-पाच लिटरचे. वीस लिटरचा एक फुटला तर जवळजवळ अर्ध्या दिवसाचं पाणी जातं. पाचाचा फुटला तर एका माणसाचं, आणि ते आठजण वाटून घेऊ शकतात. याशिवाय प्रत्येकाच्या पाठीवर स्वतःचं तीन लिटर कायम. उंट दिसेनासा झाला, कुणी मागं राहिलं, वाट चुकली, तरी अंगावर पाणी असलं पाहिजे. आणि एक नियम वहीत लाल शाईनं लिहिलाय: अंगावरचं निम्मं पाणी संपलं की बघायचं, पुढचं पाणी जवळ का मागचं. मागचं जवळ असेल तर चर्चा न करता फिरायचं.

वाटेतल्या गावांत पाणी आहे की, असं आमच्यातल्या एकानं म्हटलं. आहे. टांके आहेत, बेऱ्या म्हणजे छोट्या अरुंद विहिरी आहेत. टांका म्हणजे जमिनीत बांधलेली हौदासारखी टाकी, पावसाचं पाणी साठवायची. तिच्याभोवती उताराची जमीन झाडूनपुसून राखलेली असते, तिला आगोर म्हणतात. पाऊस पडला की त्या आगोरावरचं पाणी भोकांतून टाकीत उतरतं. तिथं चपला घालून जायचं नाही, जनावर सोडायचं नाही, जवळपास शौचाला बसायचं नाही. पण माझं म्हणणं त्याच्याही पुढचं आहे. ते पाणी त्या घराचं पुढच्या पावसाळ्यापर्यंतचं आहे. तिथली बाई तांब्या पुढं करील, तो घ्यायचा, हात जोडायचे. तिच्या टाकीतलं पाणी आपल्या हिशोबात धरायचं नाही. टँकरसाठी रांगेत उभं राहिलेल्या गावच्या माणसांनी दुसऱ्याच्या टाकीवर आपली सहल आखू नये, असं मला मनापासून वाटतं. त्या दिवशी यावर कुणी वाद घातला नाही.

शिधा कमी पाण्यात होईल असाच घ्यायचा. ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दशम्या, धपाटे पहिल्या दोन दिवसांना. भाकरी तव्यावरून काढून मंद आचेवर पार कडक करायची, वाजवली तर खणखणीत आवाज आला पाहिजे. ओल राहिली तर तिसऱ्या दिवशी बुरशी येते. पुढचे दिवस सातूचं पीठ, गूळ, पिठलं, खिचडी. भात वेगळा शिजवून पाणी ओतून द्यायचं नाही. नूडल्स, सूप असलं काही नाही, त्याला पाणी लागतं आणि मीठ वाढतं. भांडी वाळूनं घासायची, शेवटी ओल्या फडक्यानं पुसायची. गॅसची सिलिंडरं रेल्वेत चालत नाहीत, ती जैसलमेरला भाड्यानं घ्यायची. सरपण तोडायचं नाही म्हणजे नाही. तिथली खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला जिची पूजा करतो ती. जोधपूरजवळच्या खेजडलीत 1730 मध्ये अमृतादेवी आणि बिष्णोई समाजाची एकूण 363 माणसं हीच झाडं वाचवताना मारली गेली. त्या मुलखात जाऊन फांदी मोडायची कुणाची हिंमत होऊ नये.

औषधांचं मी जरा जास्त लिहिणार, रोजचा गल्ला त्यावरच आहे. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच घालायचं. दुकानात मी रोज बघते, लोक अर्धं पाकीट अंदाजानं पेलाभर पाण्यात ढवळतात. ते फार दाट होतं आणि जुलाब-उलट्यांनी गळालेल्या माणसाला उलट त्रास होतो. वाळवंटात पाणी वाचवायच्या नादात हे नक्की घडेल, म्हणून एक लिटरच्या बाटलीवर खूण करून ठेवलीय. दुसरं, अंग दुखतंय म्हणून वेदनाशामक गोळ्या पटापट घ्यायच्या नाहीत. शरीरात पाणी कमी असताना त्यातल्या काही गोळ्या मूत्रपिंडावर येतात. तिसरं, बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. आप्पांची गोळी तशीच आहे, त्यांनी जायच्या आधी आपल्या डॉक्टरांना भेटून चिठ्ठी आणायची. मी गोळी ओळखते, पण डोस बदलायचा अधिकार डॉक्टरांचा. आणि रोज सकाळी प्रत्येकानं लघवीचा रंग बघायचा. गडद पिवळी असेल तर लाजायचं नाही, मला सांगायचं. थंडीत तहान लागत नाही, त्यामुळे हिवाळ्यातच माणूस नकळत कोरडा पडतो.

थंडी आहेच. दिवसा विशी-पंचविशीत असणारा पारा रात्री पाच-सहा अंशांवर येतो, कधी त्याहूनही खाली. वाळू तापते लवकर आणि निवतेही लवकर. खाली जाड चटई नसेल तर वरच्या दोन रजयांचा उपयोग नाही. सकाळी बूट झटकूनच घालायचे, विंचू बसतो. साप थंडीत फारसे हिंडत नाहीत, तरी रात्री बॅटरीशिवाय पाय टाकायचा नाही. फुरसं आपल्याकडंही आहे, त्याची भीती समजावून सांगावी लागत नाही. चावलंच तर चिरा-बिरा न देता, न बांधता, हलवाहलव कमी करून थेट दवाखाना. त्यासाठीच आमचा कुठलाही मुक्काम डांबरी रस्त्यापासून तासा-दीड तासाच्या चालीपेक्षा लांब नाही. यावरूनही कुणी म्हणालं, मग हे खरं रान कसलं. ज्याला खरं रान हवं त्यानं आपल्या आईला तसं सांगून यावं, मी नऊ घरांना शब्द दिलाय.

परवानग्यांचं आधीच बघा. पश्चिमेकडं सीमा आहे. तिकडच्या काही ठाण्यांच्या हद्दीत बाहेरच्यांना जिल्हा प्रशासनाची परवानगी लागते. डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये शिरायचं तर वनखात्याची. हे उद्यान 3,162 चौरस किलोमीटरचं आहे आणि माळढोकाचं ते आता जवळजवळ शेवटचं घर. शेजारच्या सोलापुरात नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य आहे, तिथंही हा पक्षी दिसेनासा झालाय. म्हणून आम्ही उद्यानाच्या आत मुक्काम ठेवलेलाच नाही. ड्रोन कुणी आणायचा नाही. परदेशी ट्रेकर उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र जवळ ठेवायला सांगतात, ते आपल्याकडं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाही. सीमेजवळ तर मोठी पंचाईत होईल. त्याऐवजी मोबाईलमध्ये नकाशा उतरवून घ्यायचा, होकायंत्र ठेवायचं, आणि रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी रेंज असेल तिथून लातूरला एक फोन. तो फोन रात्री दहापर्यंत आला नाही तर घरच्यांनी उंटवाल्याला आणि 112 ला कळवायचं. दोन्ही कागदावर लिहून प्रत्येकाच्या घरी देणार आहे.

रांगेचा क्रम यावरून थोडा ताण झाला. मी आप्पांना म्हटलं, "आप्पा, पुढं तुम्ही चालायचं."

"अगं, मी मागनं येतो की सावकाश. तुम्ही पोरं व्हा पुढं."

"नाही आप्पा. तुमच्या चालीनं सगळे चालणार. मागं तुम्ही राहिलात तर आम्ही दर टेकडीवर थांबणार, तुम्ही पोचलात की लगेच उठणार. आम्हाला विसावा मिळतोय आणि तुम्हाला कधीच नाही."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग शेपटाला कोण?" शेपटाला भाची. तिच्याकडं औषधांची पिशवी आणि शिट्टी. तिच्या मागं कुणीही नाही, हा नियम.

सराव चालू आहे. औशाचा किल्ला, खरोशाची लेणी, बालाघाटातले डोंगर, आणि मांजरेच्या पात्रात जिथं अजून वाळू शिल्लक राहिलीय तिथं भरलेल्या कॅनसकट. वाळूतल्या त्या चालीनंतर पोटऱ्या वेगळ्याच दुखतात, म्हणून तो सराव सोडायचा नाही.

आता राहिलंय एवढंच: जोधपूरची तिकिटं, आप्पांची चिठ्ठी आणि बूट. गटातल्या ज्यांचे बूट अजून खोक्यात आहेत त्यांनी ते उद्यापासून दुकानात, शेतात, भाजीबाजारात घालायला सुरुवात करावी. येत्या रविवारी खरोशाला मी प्रत्येकाच्या टाचा बघणार आहे, आणि ज्याच्या टाचेला फोड असेल त्यानं मोजे जाड घेऊन पुन्हा यायचं.