वाफ शेजारच्याला द्यायची तर...

आजचा दिवस वाफेच्या लाइनच्या आराखड्यात गेला. एका कारखान्याची उरलेली वाफ शेजारच्याला द्यायची, हे कागदावर एका बाणात उरकतं. पण १० बार गेज दाबाची (हवेच्या दाबाच्या वर १० बार) वाफ साधारण १८४ अंशांवर असते; तेवढं तापताना १०० मीटर पोलादी पाइप जवळजवळ १८ सेंटीमीटर लांबतो. ही वाढ सामावून घेणारं पाइपचं वळण, म्हणजे एक्स्पान्शन लूप, नसेल तर पाइपचे आधार उखडतात. प्रवाहाच्या दिशेने १०० ला १ उतार आणि दर ३०-५० मीटरवर स्टीम ट्रॅप (वाफ अडवून साचलेलं पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) हवाच, नाहीतर साचलेलं पाणी वाफेबरोबर धावत जाऊन बेंडवर घणासारखं आदळतं.

वाफेसारखंच उरलेलं जिप्समही शेजारच्याला देता येतं, पण त्याचं दुखणं वेगळं. डेन्मार्कच्या कालुंडबोर्गमध्ये कोळशावरच्या वीज केंद्राच्या धुरातलं गंधक चुनखडीने धरून झालेलं जिप्सम प्लास्टरबोर्डच्या (भिंती-छतांच्या जिप्सम पाट्यांच्या) कारखान्याला जायचं. १ टन सल्फर डायऑक्साइडमागे सुमारे २.७ टन जिप्सम. त्यातलं क्लोराइड नीट धुतलं नाही तर बोर्डाचा कागद चिकटत नाही. आणि कोळसा बंद झाला की जिप्समही बंद! (हे कुणी आधी विचारतच नाही.)

शटडाउनच्या तारखा, किमान पुरवठा, स्टँडबाय (राखीव) बॉयलर कुणाचा, हे वाफेच्या लाइनच्या खोदाईआधी दोन्ही कारखान्यांच्या करारात हवं. मीटर दोन्ही टोकांना बसवा. वाटेत होणारी वाफेची घट कुणाच्या माथी, यावरच जास्त भांडणं होतात.