आधी जबडा, मग बाकी सगळं

फ्लाय म्हणजे मासे पकडायला गळावर पिसं, केस, दोरा बांधून केलेलं नकली भक्ष्य, आणि ती बांधताना गळ घट्ट धरून ठेवतो तो वाईस. फ्लाय बांधायचा वाईस कुठला घेऊ, असं कुणी विचारलं की मी एकच चाचणी सांगतो. सहा नंबरचा गळ (नंबर जितका मोठा तितका गळ बारीक) जबड्यात पकडा, गळाच्या डोळ्यावर अंगठा ठेवा आणि खाली दाबा. तार लवली पाहिजे आणि अंगठा काढताच टणकन जागेवर आली पाहिजे. त्याऐवजी गळ जबड्यातच केसभर जरी फिरला, तर वाईस कितीही चकचकीत असो, तो घेऊ नका.

फ्लाय बांधणं हा सगळा ताणाचा खेळ आहे. दोरा तुटायच्या जेमतेम अलीकडे ताण ठेवून वेढे द्यायचे, तेव्हा कुठे पीस गळावर घट्ट बसतं. वाईस गळ सोडतोय अशी शंका एकदा बोटांना आली की बोटं आपणहून दोरा सैल धरतात. फ्लाय दिसायला छान होते, पण पाण्यात दहा-बारा वेळा फेकली की पिसं गळाभोवती गरागरा फिरायला लागतात. मग माणूस आपल्या हाताला दोष देतो, आणि दोष असतो जबड्याचा.

मी भोसरीत छोटं टूलरूम चालवतो. डाय, पंच, जिग-फिक्स्चर हा रोजचा धंदा, त्यामुळे पकड म्हणजे काय हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. बाजारातले वाईसही मी त्याच नजरेने बघतो. एक जुनी जात आहे, अमेरिकेतल्या थॉम्पसनच्या 'मॉडेल ए'सारखी. नळीत एक दांडी, दांडीचं पुढचं टोक चिरून केलेले जबडे, आणि मागे कॅमची मूठ. मूठ दाबली की दांडी मागे ओढली जाते आणि नळीच्या तोंडाशी जबडे मिटतात. लेथवर कॉलेट वापरलेल्या कुणालाही हे लगेच कळेल. भारतात बनलेले स्वस्त वाईस, जे परदेशात नवशिक्यांच्या किटमध्ये जातात, ते बहुतेक याच जातीचे. रचना उत्तम आहे, पण स्वस्तात करताना स्टील मऊ राहतं. गळाची तार कडक असते, मऊ जबड्यात तिची चर पडते, आणि एकदा चर पडली की त्यापेक्षा बारीक गळ त्यात टिकत नाही.

दुसरी जात रीगलची. तिथे जबडे स्प्रिंगच्या जोरावर कायम मिटलेलेच असतात, मूठ दाबली की उघडतात. गळाचा नंबर बदलला तरी काही जुळवावं लागत नाही. तिसरी जात फिरणाऱ्या वाईसची, रेन्झेटीचा नमुना सगळ्यांना माहीत असतो. यात गळाची दांडी बरोबर फिरण्याच्या अक्षावर येते, त्यामुळे वाईस फिरवून जरीचा धागा किंवा तार गुंडाळता येते. काम देखणं होतं. पण नवशिक्याने फिरण्यासाठी जादा पैसे मोजू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. तेच पैसे जबड्यात घाला. फ्लायची पलीकडची बाजू बघायला एक गुंडी सैल करून डोकं वळवता आलं तरी पुरतं.

आता मी बनवलेल्या वाईसबद्दल, कारण हे कुठल्याही जॉबवर्कवाल्याकडून करून घेता येईल.

ओएचएनएस, म्हणजे तेलात बुडवून कडक होणाऱ्या टूल स्टीलच्या दोन पट्ट्या घ्यायच्या, ६० मिमी लांब, १२ रुंद, ६ जाड. टोकापासून १८ मिमीवर एक एम-४ स्क्रू, जो दोन्ही पट्ट्या जवळ ओढतो. मागे ५४ मिमीवर दुसरा एम-४. हा फक्त एका पट्टीत आटे घेतो आणि दुसरीला मागून ढकलतो. पुढचा स्क्रू टेकू होतो, मागचा जोर. मागचं अंतर पुढच्याच्या दुप्पट असल्यामुळे मागच्या स्क्रूचा जोर टोकाशी दुप्पट होऊन येतो. वापरायची रीत अशी: गळ ठेवायचा, पुढचा स्क्रू जबडे गळाला नुसते टेकतील इतकाच आवळायचा, मग मागचा स्क्रू पाव फेरा फिरवायचा. पुरे. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर तिरक्या सरकू नयेत म्हणून मध्ये ३ मिमीची डॉवेल पिन. बैठकीपासून वर येणाऱ्या दांड्याला एकच पट्टी जोडायची, दुसरी मोकळी.

खरी मेहनत टोकाच्या चार मिलिमीटरमध्ये आहे. दोन्ही पट्ट्यांचे आतले चेहरे सरफेस ग्राइंडरवर घ्यायचे, आणि टोकाचे चार मिमी सोडून मागचा भाग ०.२ मिमी खाली उतरवायचा, म्हणजे पकड फक्त टोकालाच होते. बाहेरून टोक निमुळतं करत दोन्ही मिळून अडीच मिमीपर्यंत आणायचं, नाहीतर बारीक गळामागे बोट शिरत नाही. हार्डनिंग ८०० अंशांच्या आसपास, तेलात क्वेंच. टेम्परिंगला, म्हणजे कडक केलेलं स्टील परत तापवताना, मात्र नेहमीचे २०० अंश धरू नका. तिथे कडकपणा साठ रॉकवेलच्या घरात राहतो आणि इतकं बारीक टोक तडकतं. ३०० च्या थोडं वर गेलात की तो पंचावन्नच्या आसपास येतो, गळाची चर पडत नाही आणि टोकही टिकतं. शेवटी ऑइलस्टोनने बाहेरच्या सगळ्या कडा मारायच्या. नखावरून कड ओढून बघा, नख खरवडलं गेलं तर दोराही कापला जाणार.

बैठकीला १५० बाय ११० ची २० मिमी जाड एमएस, म्हणजे माइल्ड स्टीलची प्लेट. वजन अडीच किलोच्या वर जातं आणि वाईस टेबलावर हलत नाही. ज्यांना टेबलाच्या कडेला क्लॅम्प लावायचा आहे त्यांनी लावावा, पण मला दिव्याकडे वाईस सरकवता यायला हवा असतो. आणि हे सगळं करायचं नसेल, फक्त बारा नंबरपेक्षा बारीक गळावरच्या फ्लाय बांधायच्या असतील, तर घड्याळजीचा पिन वाईस एका तिरक्या दांड्यावर बसवून सुरुवात करा. बारीक तारेला त्याची पकड चांगली असते.

सामानाबाबत लोक उगीच हताश होतात. परदेशी दुकानातल्या पाकिटांची चित्रं बघतात आणि म्हणतात, हे आपल्याकडे कुठे मिळणार? अहो, निम्म्याहून जास्त सामान पुण्याच्या पेठांमध्ये मिळतं.

फ्लायच्या अंगावर जी चपटी चमकदार पट्टी गुंडाळतात, ती म्हणजे जरीकामातला बादला. तोच बादला रेशमावर किंवा पॉलिएस्टरवर वळला की जर होते, आणि गोल पट्टीसाठी जर वापरायची. रविवार पेठेतल्या एका जर-टिकलीच्या दुकानात मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा मालकांनी विचारलं, "कशावर लावायचाय, ब्लाउजवर का?" मी खिशातून गळ काढून दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, गळ निरखला आणि म्हणाले, "मग साहेब, खरा बादला नको, काळा पडेल. प्लॅस्टिकचा न्या, पाण्यात टिकेल." पाण्यात उतरणाऱ्या वस्तूसाठी याहून चांगला सल्ला मला कुणी दिला नसता. तेव्हापासून नवीन रंगाची रिळं आली की ते माझ्यासाठी थोडी बाजूला ठेवतात.

तांब्याची तार मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे मिळते. ३६ गेज म्हणजे साधारण ०.१९ मिमी, सहा-आठ नंबरच्या गळाला योग्य. ३८ गेज ०.१५, बारीक गळांना. उरलेल्या तुकड्यांचे तो पैसेही घेत नाही. डोक्याला मणी हवे असतील तर बोहरी आळी आहे, पण जाताना गळ बरोबर न्या आणि मणी तिथेच ओवून बघा. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकलेला असेल तर मणी वाकणातून सहज जातो. माशालाही तेच बरं, त्याला सोडताना फार जखम होत नाही. अंगासाठी मेंढीची लोकर, काळी आणि करडी हाताने पिंजून एकत्र केली की पाण्यातल्या अळीचा रंग जमतो. दोऱ्याला मेण चांभाराचं. डोक्यावर शेवटचा थेंब बिनरंगी नेलपेंटचा.

पिसांच्या बाबतीत मात्र मी जास्त बोलणार आहे.

अमेरिकेत आज कोरड्या, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायसाठी खास पैदाशीचे कोंबडे पाळतात. कोलोरॅडोतलं व्हायटिंग फार्म्स त्यासाठीच प्रसिद्ध आहे. पण ही पैदास वाढण्याआधी तिकडचे लोक भारतातून गेलेल्या कोंबड्यांच्या मानेच्या पिसांनी फ्लाय बांधत, आणि 'इंडियन केप' या नावाने तशा माना अजूनही विकल्या जातात. आपल्या गावरान कोंबड्याचं पीस मऊ, पाण्यात बुडणारं. पृष्ठभागावर तरंगणाऱ्या फ्लायला ते चालत नाही, तिथे विकतचंच घ्यावं लागतं. पण पाण्याखाली चालणाऱ्या फ्लायला त्याला तोड नाही. दिवाळीनंतर कोंबड्याची पिसं पूर्ण भरलेली असतात, आणि पुढे चैत्र-वैशाखात जत्रा सुरू झाल्या की गावोगाव तांबडे, कबरे, काळे सगळे रंग दिसतात. कोंबडा गरम पाण्यात बुडवायच्या आधी मानेचं कातडं सोलून मागायचं. आतून चरबी खरवडा, मीठ लावून सावलीत वाळवा, मग पिशवीत घालून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, पिसवा आणि त्यांची अंडी मरतात. नंतर डब्यात डांबराची गोळी.

मोरपिसाचे तंतू फ्लायच्या अंगाला फार सुंदर. मोर पावसाळा सरता सरता पिसारा गाळतो, आणि अशा आपोआप गळालेल्या पिसांचा देशातला व्यवहार कायद्याला मान्य आहे. निर्यातीला बंदी आहे. म्हणजे परदेशातल्या मित्राला मोरपीस वापरलेली फ्लाय पाकिटातून पाठवू नका.

आणि रानकोंबडा. ताम्हिणीच्या जंगलात पहाटे ज्याची बांग ऐकू येते तो आपला करडा रानकोंबडा. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाच्या थेंबासारखे पांढरे-पिवळे ठिपके असतात, आणि व्हिक्टोरियन काळातल्या सामन फ्लाय त्या ठिपक्यांशिवाय पुऱ्याच होत नसत. त्यासाठी हजारोंनी पक्षी मारले गेले. १९०२ मध्ये सरकारने भारतातून रानपक्ष्यांच्या पिसांची निर्यात बंद केली, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आज त्याला संरक्षण आहे. कुणी 'एक मान आहे, घ्या' म्हणालं तर घेऊ नका, आणि त्याला ते का चूक आहे हेही सांगा. हरणाचे केस, मुंगसाच्या केसांचे ब्रश यांचंही तेच. बोकडाचे लांब केस तितकेच चांगले काम देतात. रानकोंबड्याचा ठिपका हवाच असेल तर काळ्या कोंबडीच्या पिसावर पिवळसर नेलपेंटचा एक थेंब ठेवा, वाळला की दुसरा. पाण्यात तो लांबून तसाच चमकतो.

आपल्या दख्खनी महासीरला, म्हणजे खडसाला, शास्त्रीय नाव मिळालं ते १८३९ मध्ये, ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्सने पुण्याजवळच्या मुळा-मुठेत पाहिलेल्या माशांवरून. आज त्या पाण्यात खडस शोधू नये अशी नदीची अवस्था आहे. लोणावळ्याच्या वळवण तलावावर टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून त्याची पिल्लं वाढवून पाण्यात सोडतात, ते काम फार मोठं आहे. परवानगी असलेल्या पाण्यात खडस लागला तर ओल्या हाताने धरून लगेच सोडा. हात बसेपर्यंत सराव चिलापीवर करा, ती धरणाच्या फुगवट्यात भरपूर आहे आणि फ्लाय आवडीने घेते.

मी खडसासाठी बांधतो ती फ्लाय अशी. सहा नंबरचा गळ, काटा दाबलेला, डोक्याशी पितळी मणी. शेपटीला बोकडाचे काळे केस, गळाच्या दांडीइतके लांब. मोराचे चार तंतू दोऱ्याबरोबर पिळून पुढे आणायचे, नाहीतर पहिल्याच माशाच्या तोंडात तुटतात. त्यावर ३६ गेज तांब्याच्या तारेचे उलट्या दिशेने पाच वेढे. मण्यामागे तांबड्या गावरान कोंबड्याचं एक पीस, दोन फेरे, तंतू मागे झुकलेले. गाठ मारा, नेलपेंटचा थेंब लावा आणि रात्रभर वाळू द्या.