नाताळचा स्टार २०२५: आजोबांच्या कामट्या आणि पंचवीस शेंड्यांचं साळिंदर

तर मंडळी, गेल्या वर्षी बोललो होतो तसं ह्या नाताळला दोन स्टार हातात घेतले. एक आमचा घरचा, बांबूच्या कामट्यांचा, पाच शेंड्यांचा, जो दरवर्षी कागद बदलून परत वर चढतो. दुसरा तो जर्मनीचा, सगळीकडून शेंडे आलेला. मम्मीनं त्याचा फोटो बघितला आन म्हणली हे काय साळिंदर करायलास का, तेव्हापासून घरात त्याचं नाव साळिंदरच पडलंय.

आधी जुन्याचं सांगतो, नवीन लोकांना माहीत नसंल. सांगाडा आजोबांनी १९८७ ला केलेला, इथंच जालन्यात, बुरडाकडून हिरवा बांबू चिरून आणून. दोन सपाट चांदण्या, एकेकीला साडेतीन फुटी पाच कामट्या, म्हणजे दहा. दोन्ही चांदण्या एकमेकीवर ठेवून पाचही शेंडे सुतळीनं आवळायचे आणि मग आत जिथं कामट्या एकमेकींना छेदतात त्या पाच जागी सहा-सहा इंचाच्या काड्या आडव्या ठोकायच्या की पोट फुगतं, झाला स्टार. दहापैकी आजोबांच्या हातच्या आता चारच उरल्यात. बाकीच्या तुटल्या तशा बदलल्या, आणि बदललेल्या प्रत्येक कामटीवर आजोबा ब्लेडनं वर्ष कोरायचे, ९१, ९८, २००४ असं. ९३ कुठंच नाही. त्या वर्षी सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला, तर आजोबांनी स्टार माळ्यावरून काढलाच नाही, व्हरांड्यात नुसता रॉकेलचा कंदील ठेवला. हे मला मम्मीनं सांगितलं, मी तेव्हा पाळण्यात.

१६ नोव्हेंबर, रविवार

चर्चहून आल्यावर माळ्यावरून सांगाडा काढला. एक कामटी वाळवीनं खाल्लेली, दुसरी शेंड्याजवळ चिरलेली. नवीन कामट्या रात्रभर पाण्यात टाकल्या. हे करतच जा लोकहो, कोरडी कामटी वाकवायला गेलं की फाडकन जाते आन हातात कुसळ घुसते ते वेगळंच.

दुपारी बाजारात चक्कर. दिवाळी झाली की आकाशकंदिलाचं सामान निम्म्या भावात निघतं, होल्डर, वायर, झिरमिळ्या सगळं. नाताळवाल्यांचं हे एक सुख आहे. कोण म्हणतं जालना सोने का पालना, आमच्यासाठी तर नोव्हेंबरातलं डिस्काउंट का पालना.

२३ नोव्हेंबर

आता साळिंदर. ह्याची गोष्ट भारी आहे. जर्मनीत नीस्की म्हणून गाव आहे, तिथं मोरावियन ह्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची बोर्डिंग शाळा होती. १८३० च्या आसपास तिथं पोरांना भूमिती शिकवता शिकवता हा स्टार जन्माला आला. पुढं हेर्नहुट गावात त्याचा कारखानाच निघाला म्हणून त्याला हेर्नहुटचा स्टार पण म्हणतात. म्हणजे गणिताच्या तासाला झालेलं काम आहे हे, आणि मला दहावीत भूमितीत पस्तीस.

आतला गाभा म्हणजे अठरा चौकोन आणि आठ त्रिकोण असलेला एक गोळा समजा. एक चौकोन बल्ब घालायला उघडा सोडायचा, उरलेल्या सतरा चौकोनांवर आणि आठ त्रिकोणांवर एकेक शेंडा. सतरा अधिक आठ, पंचवीस. मी गाभ्याची बाजू ६ सेंमी धरली आणि शेंड्याची तिरकी कड १८ सेंमी. म्हणजे सगळे त्रिकोण एकाच मापाचे, बूड ६, बाजू १८-१८. चौकोनी शेंड्याला असे चार, तिकोनी शेंड्याला तीन, एकूण ब्याण्णव. एकाच साच्यावर सगळं निघतं हीच ह्याची खुबी. पूर्ण झाल्यावर समोरासमोरच्या टोकांमधलं अंतर साधारण ५० सेंमी भरतं.

३०० जीएसएमची (हे कागदाचं वजन, आकडा मोठा तसा कागद जाड) पांढरी शीट आणली, रिकाम्या रिफिलनं घड्यांच्या रेषा दाबल्या, आठ शेंडे केले, एकदम कडक. रात्री सहज एकात मोबाईलचा टॉर्च धरला तर उजेड बाहेर येतोय कुठं! शाडूची मूर्ती परवडली. आठही गेले भाच्याच्या शाळेच्या प्रोजेक्टला.

३० नोव्हेंबर, आगमनकाळाचा (नाताळच्या आधीचे चार रविवार) पहिला रविवार

कायदेशीर बघितलं तर स्टार आजपासून लावायचा. आमच्या घरी मात्र वेगळाच कायदा. पहिली करंजी कढईतून निघाली की स्टार वर. त्याला कारण असं की आजी करंज्या तळायला बसली की आजोबांना स्वयंपाकघरातून हाकलायची, मग ते अंगणात येऊन स्टार बांधायचे. ते दोघंबी आता नाहीत पण कढई चढल्याशिवाय स्टार वर चढवायचा नाही हे चालू आहे. शेजारच्या चाचींना पण पाठ झालंय, स्टार लागला की त्यांना कळतं संध्याकाळी फराळाचं ताट येणार.

ह्या हप्त्यात १६० जीएसएम आणून परत सुरुवात. उजेड मस्त येतो, कडकपणा जेमतेम. पंचवीस शेंडे कापून, घड्या घालून, चिकटवून व्हायला पाच रात्री लागल्या.

७ डिसेंबर

जोडणी. शेंड्यांच्या बुडाला जे फ्लॅप सोडलेत ते आतल्या बाजूनं एकमेकांना चिकटवायचे, असे चव्वेचाळीस जोड. प्रत्येक जोडाला कपड्याचे चिमटे लावून दहा मिनिटं. मम्मीचे सगळे चिमटे माझ्याकडं, दोरीवरचे कपडे वाऱ्यावर.

तेवीस शेंड्यांपर्यंत मजेत गेलं. चोविसाव्याला लक्षात आलं की आता आत हात घालायला जागाच नाही! उघडा चौकोन ६ सेंमीचा, माझा पंजा म्हणजे भाकरी. व्हिडिओवाले हा भाग बरोबर कापतात. अर्धा तास बोटं वाकडी करून बघितली. शेवटी मम्मीनं कढीची लांब दांड्याची पळी आणून दिली. फ्लॅपला डबल टेप लावायचा, बाहेरून शेंडा बसवायचा आन आतून पळीच्या पाठीनं दाबायचं. बसला. पंचविसावा जरा वाकडा बसला, कारण तेव्हा लाईट गेली. कुणी करणार असंल तर शेवटचे दोन शेंडे उघड्या चौकोनाच्या शेजारचेच ठेवा, मी नेमके खालच्या अंगाचे ठेवले होते.

१४ डिसेंबर

जुन्या स्टारचा कागद. खळ आजोबांच्या पद्धतीची, मैदा पाण्यात शिजवून, झुरळं लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद. ते विषारी असतं, तर लहान लेकरं आसपास असली की टाकू नका आणि भांडं वेगळं ठेवा. वर पतंगी कागद, लाल आणि पांढरा, एका शेंड्याचा अर्धा भाग लाल, अर्धा पांढरा. वाळल्यावर हलकं पाणी शिंपडलं की कागद ताणून ढोलकीसारखा होतो. आजोबा तोंडात पाणी धरून फुर्र करून मारायचे, मी स्प्रे मारला आणि जरा जास्तच मारला. लालचा रंग सुटून पांढऱ्यावर उतरला, दोन शेंडे गुलाबी. डोकं असं फिरलं होतं ना. परत कागद लावायला वेळ नाही म्हणून तसेच ठेवले. पप्पा म्हणतात मुद्दाम केल्यासारखं दिसतंय. पप्पांना कुठलंच काही वाईट दिसत नाही.

२० डिसेंबर, शनिवार

सकाळी सात वाजता कढई चढली. पहिली करंजी फुटली, तळणात सारण पसरलं, मम्मी म्हणली ही मोजायची नाही. दुसरी नीट निघाली तसा मी आन भाचा बांबू घेऊन गच्चीवर. जुना स्टार वर, आत ९ वॅटचा एलईडी. आजोबांच्या काळात साठचा पिवळा बल्ब असायचा, एका वर्षी कागद करपला होता. साळिंदर व्हरांड्यात टांगलं, ५ वॅटचा पिवळसर बल्ब, आणि खरं सांगतो, अंधारात पहिल्यांदा लावलं तेव्हा माझंच मला खरं वाटेना. घडीच्या रेषा गडद, मधला भाग फिका, प्रत्येक शेंड्याची छटा वेगळी. वाकडा शेंडा भिंतीकडं फिरवून ठेवलाय.

२२ डिसेंबर

रात्री अकराला कॅरलवाले आले, बारा-पंधरा जण, ढोलकी, खंजिरी, टाळ, मफलरी. थंडी चांगलीच होती. अंगणात गोल करून दोन गाणी झाली, मम्मीनं चहा आणि शंकरपाळे फिरवले. तिसऱ्या गाण्याला आमचा ढोलकीवाला रंगात येऊन मागं सरकला आणि त्याचं डोकं थेट साळिंदरात. एक शेंडा दबला. गडी बिचारा पुढचं गाणं होईपर्यंत सॉरी सॉरी करत होता, त्यात ठेका पण चुकला. नंतर तोच म्हणला पळी आणा, बल्ब काढला, भोकातून पळी घालून शेंडा आतून बाहेर ढकलला. टोक जरा चेपलेलंच आहे पण लांबून कळत नाही.

जुन्याच्या दोन नवीन कामट्यांवर भाच्यानं ब्लेड मागितलं, मी दिलं नाही, पेननं लिही म्हणलं. त्यानं २०२५ लिहून खाली स्वतःचं नाव पण घातलंय, तेबी चुकीच्या वेलांटीनं.

पुढच्या वर्षी साळिंदराची बाजू ८ सेंमी करायचा विचार आहे म्हणजे पंजा आत जाईल. पण मग तिरकी कड २४ घ्यावी लागंल, आणि तेवढ्या लांबीला १६० जीएसएम वाकतो का टिकतो? कुणी मोठा केला असंल तर कागद कोणता घेतला ते सांगा. ट्रेसिंग पेपर सुचवू नका, तो मी चाळणी करून बसलोय.