छर्रे

सकाळी नळावर आंघोळ करताना त्या नव्या पोराने पोटावरच्या खुणा बघितल्या. "उस्ताद, छर्रे लागले होते?"

मी म्हटलं, "हं."

एवढंच. पण दिवसभर तो 'हं' दातात अडकल्यासारखा सलतोय. 'बहिणीला किडनी दिली' म्हणायला कितीसा वेळ लागला असता? खोटं बोलत नाही असंही नाही, सुट्टी वाढवायला आजीला दोनदा मारलंय. मग हे एकच का टोचतंय?

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. किडनी बाहेर काढली तो खरा काप खाली, चड्डीआड गेला. वर राहिली ती चार बारकी भोकं. दिसतातही छर्ऱ्यांसारखीच. खरंच छर्रे असते तर छातीवर पराक्रम पदकाची फीत असती. इथे काय, फौजेच्या तब्येतीच्या श्रेणीत, शेप-वनमधला 'पी' (शारीरिक क्षमता) 1 वरून 2 वर घसरला. पहाटे पलटण पाच किलोमीटरला सुटते आणि मी स्टोअरमध्ये ब्लँकेटं मोजतो. एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, गुडघा दुखला की ज्याला त्याला ब्रुफेन मिळते, मला तीही बंद.

दाजींचं रक्त जुळलं नाही. जाऊ दे. हिने अजून एकदाही त्या खुणांवर हात ठेवलेला नाही. तेही जाऊ दे.

म्हणजे मला शाबासकी हवी होती का? आक्कासाठी दिली आणि शाबासकी पलटणीकडून? वरचं सगळं पुन्हा वाचलं तर रडगाणंच वाटतंय.

डॉक्टर म्हणाले होते, शक्यतो डावीच घेतात, तिची शीर लांब असते. कदमतालात पहिला पाय डावाच, तेव्हा नियमाप्रमाणेच झालं म्हणायचं. आणि आक्काच्या जुन्या दोन्ही काढल्याच नाहीत, माझी खाली ओटीपोटात बसवली. तिच्याकडे तीन, माझ्याकडे एक. लहानपणी पेढ्यांची वाटणीही ती अशीच करायची.

संध्याकाळी तिचा फोन. आठ महिने झाले, रोजची गिनती चुकत नाही. "आज अडीच लिटर!" दोन वर्षं थेंबाथेंबाला महाग झालेली बाई, लघवीचा आकडा सांगताना आवाज असा की वाटावं चौकीच जिंकली. मी इकडून "शाब्बास" म्हणतो. आजही म्हटलं. छर्ऱ्यांचं काही बोललो नाही.

पोराने लंगरमध्ये सांगितलेलं दिसतंय. रात्री माझ्या ताटात मटणाचे दोन तुकडे जास्त पडले. सांगणार होतो खरं.

आधी जेवलो.